५/२ म्हणजे ५ फेब्रुवारी नव्हे

मध्य प्रदेशात शहपुरा एक नाही. डिंडोरी जिल्ह्यात एक आहे, भोपाळ शहरात तळ्याकाठची एक वस्ती आहे, आणि मी ज्याच्याबद्दल लिहितोय ते जबलपूर जिल्ह्यातलं, नरसिंहपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. त्याच्या रेल्वे स्टेशनचं नाव आणखी निराळं, भिटौनी. बोलताना लोक सरळ 'शहपुरा-भिटौनी' म्हणतात आणि प्रश्न मिटतो. संगणकातल्या यादीत मात्र नुसतं 'शहपुरा' असतं आणि तिथे तो मिटत नाही. केंद्र सरकारच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी'त प्रत्येक गावाला स्वतःचा क्रमांक आहे. पण तोलाच्या काट्याशी बसलेला मुनशी शेतकऱ्याला गाव विचारतो, क्रमांक विचारत नाही.

आमचं घर जबलपूरचं. १९०४ साली सुरू झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत आजोबा लागले, तेव्हापासून उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी. मी पोटापाण्यासाठी प्रोग्रॅम लिहितो. त्यातलं बरंचसं काम पुण्या-बेंगळुरूच्या लोकांसाठी घरबसल्या चालतं. शहपुऱ्याचं काम ओळखीतून आलं आणि पैशाच्या हिशेबात ते फार मोठं नव्हतं. शिकवण्याच्या हिशेबात मात्र बाकी सगळ्यांना पुरून उरलं.

शहपुरा, पाटन, सहजपुर हा पट्टा मटारचा. ऑक्टोबरात पेरणी, नोव्हेंबर सरता सरता पहिली तोडणी, आणि मग जानेवारी उलटेपर्यंत बोऱ्यांनी भरलेले ट्रक. हिवाळ्यात नागपूरच्या बाजारात 'जबलपूरचा मटार' म्हणून जो विकला जातो तो इकडचा. 'एक जिल्हा एक उत्पादन' या योजनेत जबलपूरच्या नावापुढे मटारच लिहिलेला आहे. इथल्या मटार-उत्पादकांच्या एका गटाला आपल्या सभासदांची माहिती 'एकसारखी' करून हवी होती. गटाचं नाव इथे घेत नाही. माहिती त्यांच्याकडे नव्हती असं नाही. ती पाच ठिकाणी होती, पाच रूपांत.

मुनशीजींची लाल कापडी बांधणीची वही होती. तिच्यात एक तोल म्हणजे एक ओळ: तारीख, नाव, बोऱ्या, वजन, भाव. ऑपरेटरनं केलेल्या एक्सेल फायली होत्या, प्रत्येक हंगामाची निराळी. हिशेबनीस टॅलीवर काम करायचा. एका योजनेच्या पोर्टलला जमिनीच्या प्रत्येक खसऱ्यासाठी एक ओळ हवी होती. (खसरा म्हणजे महाराष्ट्रातला गट नंबर किंवा सर्व्हे नंबर.) आणि कुणीतरी बनवून दिलेलं एक मोबाइल ॲप होतं, त्याला जेसन हवं होतं: एक शेतकरी, त्याच्या पोटात त्याच्या जमिनींची यादी, आणखी पोटात तोलांची यादी.

म्हणजे वहीच्या केंद्रस्थानी तोल, पोर्टलच्या केंद्रस्थानी जमीन, टॅलीच्या केंद्रस्थानी पैसा आणि ॲपच्या केंद्रस्थानी माणूस. गोष्टी त्याच, पण कशाभोवती बाकी सगळं लटकवायचं ते प्रत्येकाचं वेगळं. एका रूपातून दुसऱ्यात नेणं म्हणजे रकान्यांची नावं बदलणं, असं पहिल्या बैठकीत सगळ्यांना वाटत होतं. खरं काम हे केंद्र हलवण्याचं होतं. तोलांच्या शंभर ओळींतून एक माणूस बांधायचा असेल, तर त्या शंभर ओळी एकाच माणसाच्या आहेत हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं.

यासाठी तयार हत्यारं भरपूर आहेत. एक्सएमएल फिरवायला १९९९ पासून एक्सएसएलटी आहे, जेसन कापायला-जोडायला जेक्यू आहे, पायथॉनमध्ये पांडाज तर सगळ्यांच्या तोंडी आहे. पण पांडाजला फाइल दिली की ते स्वतःहून अंदाज बांधतं. रकान्यात सगळे अंक दिसले की त्याला संख्या मानतं आणि सुरुवातीची शून्यं गाळतं. रिकाम्या जागी कुणी इंग्रजीत 'एनए' लिहिलं असेल तर ती जागा कोरी मानतं. हे अंदाज विज्ञानाच्या प्रयोगशाळेत सोयीचे असतील. बँक खात्याच्या क्रमांकाशी ते करायची कुणालाही मुभा नको. सांगितल्यावर पांडाज हे थांबवतं, पण दर रकान्याला, दर फायलीला सांगत बसावं लागतं. मला उलट हवं होतं: काही न सांगता सगळं मजकूर म्हणून घ्यायचं, आणि संख्या कुठली, तारीख कुठली ते माणसानं लिहून द्यायचं.

म्हणून एक छोटी लायब्ररी लिहिली. पायथॉनच्या स्वतःच्या सामानापलीकडे तिला काही लागत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरातले मोठमोठे प्रकल्प बांधता येईनात, तेव्हापासून परक्याच्या अकरा ओळींवर विसंबायची मला धास्ती वाटते. शहपुऱ्यात गटाच्या ज्या खोलीत हे काम चालायचं तिथे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होतं, हे दुसरं कारण.

लायब्ररीचा गाभा म्हणजे एक तक्ता. त्यात तीन रकाने: कुठून, कुठे, कसं. 'वहीतलं नाव' इथून 'टॅलीतलं लेजर' इथे, 'नाव जोडून' असं. 'रकबा' इथून 'क्षेत्र हेक्टर' इथे, 'एकराचं हेक्टर करून' असं. 'कसं' या रकान्यात जे शब्द चालतात ते मूठभर: जसंच्या तसं, तोड, जोड, गोळा कर, पसर, एकक बदल, तारीख वाच. प्रत्येक शब्दामागे एक लहानसं फंक्शन. तक्ता प्रोग्रॅमच्या पोटात लपवला नाही, तो साध्या फायलीत हिंदीत ठेवला. मुनशीजींनी तो वाचला, बोट ठेवून तपासला, आणि दोन ठिकाणी म्हणाले, "भैया, ये उल्टा है." इथे भाव पोत्याचा नसून क्विंटलचा असतो, आणि वहीतलं वजन बारदान वजा करून लिहिलेलं असतं. ही गोष्ट मला कुठल्याही फायलीतून कळली नसती. प्रोग्रॅम वाचता न येणाऱ्याला वाचता येईल असा भाग वेगळा काढून ठेवला, हा या कामातला माझ्या मते सगळ्यात बरा निर्णय.

आता कृतिदेव. मध्य प्रदेशातल्या कुठल्याही कचेरीच्या जुन्या फायली उघडल्या की याच्याशी गाठ पडतेच. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण आपल्याकडच्या टंकलेखकांचे हात रेमिंग्टनच्या मशीनवर बसलेले, आणि त्याच कळांवर हिंदी उमटवून देणारा फॉण्ट म्हणजे कृतिदेव. त्यात साठतात इंग्रजी अक्षरंच, दिसतात फक्त देवनागरी. 'किसान' लिहिलं की फायलीत एफ-डी-एल-के-यू असतं. ऱ्हस्व वेलांटी म्हणजे एफ, आणि ती मशीनवर जशी आधी मारायची तशीच आधी साठते. युनिकोडात ती व्यंजनानंतर हवी. रफार याच्या उलट. 'वर्मा' म्हणजे ओ-ई-के-झेड. रफाराचा झेड सगळ्यात शेवटी, आणि युनिकोडात नेताना त्याला काना ओलांडून, 'म' ओलांडून मागे आणून बसवावं लागतं. अक्षराला अक्षर बदलून हे होत नाही. आधी शब्दाचे तुकडे पाडून, कुठलं व्यंजन कुठल्या मात्रेला धरून आहे ते ओळखावं लागतं. तरी हे शिकण्यासारखं आणि सुटण्यासारखं.

शहपुऱ्याचं नाव मात्र खास होतं. कृतिदेवमध्ये 'श' दोन कळांचा: एक अवतरणचिन्ह आणि एक के. म्हणजे 'शहपुरा' हा शब्द अवतरणचिन्हानं सुरू होतो. आणि एक्सेलमध्ये घराच्या (सेलच्या) सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह टाइप केलं की त्याचा अर्थ 'पुढचं मजकूर समज' असा होतो. चिन्ह घराच्या मजकुरात उरत नाही. सराईत टंकलेखक ते दोनदा मारतात. नवशिके एकदाच मारतात आणि पडद्यावर पहिलं अक्षर मोडलेलं दिसतं. त्यामुळे एकाच गावाची नावं दोन निघाली, एक शहपुरा आणि एक 'ाहपुरा', नुसत्या काट्यासारख्या कान्यानं सुरू होणारं. त्याच न्यायानं शर्मा, शंभू, शांतीबाई हे सगळे दोनदोनदा.

याहून वाईट प्रकार अंकांचा. कृतिदेवमध्ये विरामचिन्हांच्या जागाही बदललेल्या असतात. दशांशचिन्ह हवं असेल तर आडवी रेघ मारायची, तिरकी रेघ हवी असेल तर ॲट मारायचा. पडद्यावर ०.४० दिसतं, फायलीत ०-४० असतं. बरेच ऑपरेटर अंकांसाठी फॉण्ट बदलतात, काही बदलत नाहीत. आता १.०५ हेक्टर जमीन घ्या. फायलीत ती १-०५ अशी उतरते. भारतीय पद्धतीची तारीख लावलेल्या संगणकावर एक्सेल तिला १ मे समजतं. आणि तारखा एक्सेलच्या आत १९०० पासून मोजलेले दिवस म्हणून राहतात. १ मे २०२४ म्हणजे ४५४१३. तो रकाना संख्या म्हणून वाचला की अडीच-पावणेतीन एकराचा शेतकरी ४५ हजार हेक्टरांचा मालक होतो. अख्ख्या जबलपूर जिल्ह्याचं क्षेत्र सुमारे ५,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे पाच लाख वीस हजार हेक्टर. अशा बारा ओळी जमल्या की जिल्हा संपला.

खसरा क्रमांकाचं दुखणं यालाच लागून. जमिनीच्या वाटण्या झाल्या की ५ चे ५/१, ५/२, ५/३ होतात. एक्सेलमध्ये ५/२ लिहून एंटर मारलं की ५ फेब्रुवारी. ११२/३ वाचतो, कारण महिन्यात ११२ तारीख नसते. म्हणजे मोठ्या क्रमांकाचे शेतकरी सुखरूप आणि छोट्या क्रमांकाचे पंचांगात. गंमत म्हणजे कृतिदेवनं इथे भलंच केलं: तिरक्या रेघेच्या जागी ॲट असल्यामुळे त्या फायलींतले खसरे तारखा होण्यापासून बचावले होते.

ही तक्रार एकट्या शहपुऱ्याची नाही. मानवी जनुकांची लघुनावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती आणि शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत त्यांच्या तारखा होत होत्या. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये नावंच बदलली. मार्च१ चं मार्चएफ१ झालं, सेप्ट१ चं सेप्टिन१. एक्सेलमध्ये हा आपोआप होणारा बदल बंद करायची सोय २०२३ मध्ये आली. जनुकाचं नाव समिती बसवून बदलता येतं. खसऱ्याचं बदलायला तहसीलदार लागतो, आणि तोही म्हणेल, कशाला?

तारीख झालेला खसरा परत आणता येतो का? वरवर पाहता येतो: ५ फेब्रुवारी दिसलं की ५/२ लिहायचं. पण महिना आधी लिहिणाऱ्या मांडणीच्या संगणकावर तीच तारीख २/५ मधून आलेली असू शकते, आणि गावात २/५ आणि ५/२ दोन्ही खसरे असतात, दोन वेगळ्या माणसांचे. फाइल कुठल्या संगणकावर भरली हे फायलीत लिहिलेलं नसतं. इथे लायब्ररीनं काय करावं यावर माझा आणि गटातल्या एका तरुण सभासदाचा चांगलाच वाद झाला. तो इंजिनियरिंग झालेला. त्याचं म्हणणं, ज्याची शक्यता जास्त ते धरून पुढे जा, हजारात पाच-दहा चुकतील. जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये इंटरनेटच्या नियमांत लिहून ठेवलंच होतं, की पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार. ते तत्त्व नेटवर्कला वाढवायला फार उपयोगी पडलं हे मलाही मान्य. पण नेटवर्कचं चुकलेलं पाकीट पुन्हा मागवता येतं. चुकीच्या खसऱ्यावर नोंदलेला शेतकरी योजनेच्या यादीतून गळला की त्याला ते पुढच्या हंगामात कळतं, तेही कळलं तर.

म्हणून लायब्ररी उदार नाही. जे समजत नाही ते ती बदलत नाही. 'अडलेल्या ओळी' नावाच्या वेगळ्या फायलीत टाकते, सोबत मूळ फायलीचं नाव, ओळ क्रमांक आणि अडण्याचं कारण साध्या हिंदीत. पहिल्यांदा चालवली तेव्हा ही अडलेल्यांची फाइल चांगली जाडजूड निघाली आणि खोलीतल्या लोकांची तोंडं पडली. मुनशीजींनी मात्र ती छापून घेतली आणि पेन काढलं. "ये तो सबको पता है," असं म्हणत एकेक ओळ सोडवत गेले. २/५ कुणाचा, ५/२ कुणाचा, हे त्यांना खरोखरच पाठ होतं.

सामायिक खात्यांचा गुंता वेगळाच. जमिनीच्या कागदावर एका घरात 'अमुक, तमुक, अमकीबाई पिता फलाणा, सर्व हिस्सेदार' असं सगळं एकत्र. जुन्या नोंदींत 'वल्द', नव्यांत 'पिता', विधवा असेल तर 'बेवा', कुठे नुसतं 'पि.'. यातून माणसं वेगळी काढणं म्हणजे 'पसर'. एका ओळीच्या तीन ओळी करायच्या. पण मग क्षेत्राचं काय? १.२० हेक्टर तिघांच्या नावापुढे प्रत्येकी १.२० लिहिलं तर बेरीज तिप्पट, ०.४० लिहिलं तर हिस्से समान होते हे तुम्ही ठरवलंत. आम्ही क्षेत्र जमिनीपाशीच ठेवलं आणि माणसापाशी फक्त जमिनीची खूण. बरेच तयार तक्ते हे वेगळेपण ठेवू देत नाहीत, कारण एक ओळ म्हणजे एक माणूस आणि त्याची एक जमीन असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

खाते क्रमांकांबद्दल थोडक्यात. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूक राहतं, सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो. जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्ण संख्यांची खात्री देत नाही, म्हणून ॲपकडे जाणाऱ्या जेसनमध्ये खाते क्रमांक अवतरणात, मजकूर म्हणूनच. आयएफएससीच्या अकरा चिन्हांतलं पाचवं नेहमी शून्य असतं आणि तिथे हमखास इंग्रजी 'ओ' टाइप केलेला असतो. सगळ्या कामात लायब्ररी न विचारता दुरुस्त करते अशी ही एकच गोष्ट, कारण तिथे दुसरं काही असूच शकत नाही.

तपासणीची पद्धत मुनशीजींकडूनच घेतली. वहीच्या प्रत्येक पानाखाली ते बोऱ्यांची आणि वजनाची बेरीज लिहितात आणि ती पुढच्या पानावर ओढतात. लायब्ररीही तेच करते. बदलाच्या आधी एकूण वजन, एकूण क्षेत्र, एकूण रक्कम, वेगळी नावं किती. बदलाच्या नंतर तेच, अधिक अडलेल्या ओळींतलं. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर फाइल लिहितच नाही. पंचकार्डांच्या काळात डेटा भरणारी मंडळी असाच ताळा ठेवायची. दुसरी तपासणी उलट्या प्रवासाची: वहीतून जेसन, जेसनमधून परत वही, आणि मूळ वहीशी ओळीला ओळ लावून पाहायची. टॅलीकडून मात्र पूर्ण परत येता येत नाही. टॅलीत लेजरचं नाव अक्षरशः जुळावं लागतं आणि तारीख २०२४०५०१ अशी सलग. हे दोन्ही जमवता येतं. पण व्हाउचरमध्ये एका शेतकऱ्याचा दिवसाचा माल एका आकड्यात गोळा होतो. गोळा केलेलं परत विखुरता येत नाही, म्हणून 'गोळा कर' हा शब्द तक्त्यात जिथे जिथे आला तिथे मूळ ओळींचे क्रमांक सोबत बांधून ठेवले.

एवढं करूनही एक रकाना कुठेच बसला नाही. वहीच्या उजव्या कडेला मुनशीजी बारीक अक्षरात काहीबाही लिहितात. 'माल भाऊचा, नाव याचं.' 'ओला होता, भाव पाडला.' 'पैसे बायकोच्या हाती द्यायचे.' 'नाले पार वाले, दुसरे नाहीत.' हा शेवटचा शेरा नसता तर एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे दोन शेतकरी आम्ही एक केले असते. ॲपमध्ये याला जागा नव्हती, पोर्टलमध्ये नव्हती. टॅलीत व्हाउचरखाली नॅरेशन लिहिता येतं, तिथे थोडं गेलं. बाकीचं लायब्ररी मूळ ओळीला चिकटवून जपते आणि कुठल्याही रूपात नेताना 'हे पुढे गेलं नाही' अशी नोंद करते. उत्पादकांचा गट ही नोंद हंगामाच्या शेवटी छापून घेतो आणि फायलीला लावतो.

यादी मागवणारे, नमुना ठरवणारे, ॲप बांधणारे जे कुणी हे वाचत असतील त्यांना विनंती आहे. खसरा, खातं आणि फोन हे रकाने मजकूर म्हणूनच ठेवा. एकर की हेक्टर ते मथळ्यातच लिहा. गावाच्या नावाशेजारी क्रमांक मागा, पण नावाऐवजी नको. आणि शेवटी शेऱ्यासाठी एक मोकळा रकाना द्या, अक्षरांची मर्यादा न घालता. आमच्या लायब्ररीत तो भरून द्यायची सोय आधीपासून आहे.